जपानी जिवती

नाही, सोफ्यावर नको, त्या खुर्चीवर बस. सोफ्यावर दुपारी ऊन येतं, मग मला पडदा ओढावा लागतो, आणि पडदा ओढला की तुला वाटायचं म्हाताऱ्याने अंधार कशाला केला. चित्रांसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही — जुने जपानी ठसे आहेत, झाडपाल्याचे रंग, ऊन लागलं की आधी निळा उडतो. बूट दारात काढलेस ते बरं केलंस, आजकालची मुलं तशीच आत घुसतात. काय टोचलं पायाला? तांदूळ असेल. भात लावताना सांडला असेल — हो, हॉलमध्येसुद्धा सांडतो, एकट्या माणसाचं काय सांगावं, डबा हातात घेऊन फिरतो मी. ते सोड. फुटाणे घे. समोर वाटीत आहेत. शुक्रवारचे आणले — म्हणजे मी शुक्रवारी ग्रोसरी करतो, आज शुक्रवार, म्हणून आणले. घे की. आणि काका म्हणू नकोस मला. मी कुणाचा काका नाही. उल्हास नाव आहे, चांगलं नाव आहे, तेवढं म्हणता येत नसेल तर काहीच म्हणू नकोस.

तर अक्षता. अक्षताच ना? ब्रॅम्पटनहून राइडशेअर करून मॉन्ट्रियल बघायला आलीस, आणि निघताना जयंतीने — माझ्या बायकोने, कागदोपत्री अजून बायकोच आहे — तुझ्या कानात सांगितलं की त्यांच्याकडे जा आणि एक चित्र घेऊन ये. 'त्यांच्याकडे' म्हणाली असेल, नाव नसेल घेतलं. आणि तू लगेच निघालीस, कारण तू रुचाच्या बेसमेंटमध्ये राहतेस, आणि घरमालकिणीच्या आईला नाही कसं म्हणायचं. रुचा माझी मुलगी आहे हे माहीत आहे ना तुला? असू दे, तिलाही आठवत नाही हल्ली. शिकतेस काय? सप्लाय चेन. म्हणजे वेअरहाउसमध्ये खोकी उचलायची आणि त्याला डिप्लोमा म्हणायचं. चेहरा नको पाडूस, सगळे तेच करतात. मी इथे विमानाची इंजिनं करायला आलो होतो, तेव्हा मराठी माणसाकडून डोकं मागायचे, आता पाठ मागतात. फ्रेंच येतं? नाही. मग इथे कुणी तुला उभं करणार नाही, बघ आणि परत जा.

आता सांग, चित्र कशाला हवंय तिला? — रुचाला बाळ झालं. वेळेच्या आधी. काचेच्या पेटीत ठेवलंय. अच्छा. अच्छा, असं आहे होय. मला कुणी कळवलं नाही, बरं का. आजोबा झालो ते भाडेकरूच्या तोंडून ऐकायचं. तू तरी काय करणार, तुला पाठवलं, तू आलीस. आणि एवढं तोंड करायचं कारण नाही, इथली हॉस्पिटलं मूठभर जिवालासुद्धा धरून ठेवतात, त्यात मुली चिवट असतात, मुलगे जातात पटकन — हो का? तू मुलगी म्हणाली नाहीस? बाळ म्हणालीस? मग मी अंदाजाने म्हटलं. आमच्याकडे मुलीच होतात. चहा टाकू? दूध आहे, पण त्यात साखर घालून ठेवलीय आधीच, एवढं गोड तुला चालणार नाही. राहू दे मग.

ये, उठ, आधी ही भिंत बघ. फुकट आलीयेस तर काहीतरी शिकून जा. हे सगळं एडो — म्हणजे जुनं तोक्यो — दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं. एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने लाकडात कोरायचं, तिसऱ्याने छापायचं, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, तोही केसभर न सरकता बसला पाहिजे. हे नदीवरचं आतषबाजीचं. पूल बघ, पुलावर माणसं बघ, मुंग्यांसारखी — जवळ जा, श्वास सोडू नकोस त्यावर — एकाला तरी तोंड आहे का? नाही. म्हणून मला आवडतं. अख्खं शहर सणाला बाहेर पडलंय आणि कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही. हे ताऱ्यांच्या सणाचं, प्रत्येक घरावर बांबू आणि बांबूला कागद, कागदावर लोकांनी आपापलं मागणं लिहून टांगलंय, वाऱ्यावर उडतंय सगळं. काय मागितलं असेल? मला काय करायचंय. कागद तेवढा छान उडालाय. इथेही होते ना आतषबाजी, उन्हाळ्यात, नदीवर, सगळं मॉन्ट्रियल पुलावर जाऊन उभं राहतं. जयंतीला एकदा नेलं होतं. ती कानात बोटं घालून उभी, आणि शेजारच्या कुणा परक्या बाईचं पोर रडायला लागलं तर हिने त्याच्याही कानांवर हात धरले. मी म्हटलं, अगं आतषबाजी बघायला आणलंय तुला, पोरं सांभाळायला नाही. तशीच आहे ती. समोर काय आहे ते दिसतच नाही, तिला भलतंच दिसतं.

त्याचीच तर गंमत आहे सगळी. काय म्हणाली ती, 'माझी जिवती आण'? जिवतीच म्हणाली? — अजून. इतक्या वर्षांनी, इतकं समजावून सांगून, अजून जिवती. तू कुठली? जत. मग तुमच्याकडे लावत असतील श्रावणात भिंतीला. छापील कागद, आठवतो? बाया बसल्यात, अंगाखांद्यावर पोरं लोंबतायत. शुक्रवारी त्या कागदाला हळदकुंकू लावायचं, दूर्वा-आघाड्याची माळ घालायची, पोरांना ओवाळायचं. आणि पोर घरात नसलं, परगावी असलं, तर चार दिशांना अक्षता टाकायच्या, जिथे कुठे असेल तिथे सुखरूप राहो म्हणून. माझी सासू दर वर्षी तो कागद इथे पोस्टाने पाठवायची. एवढ्या लांब. मी म्हणायचो, आई, कॅनडात कागद मिळतो —

खाली काय बघतेस? सांगितलं ना भाताचे तांदूळ आहेत म्हणून. सगळीकडे आहेत कारण मी झाडत नाही. बस खाली.

तर एका वर्षी तो कागद आलाच नाही. सासू आजारी होती, पाठवायचा राहिला. आणि नेमकी तेव्हाच रुचा — तीनेक वर्षांची असेल — न्यूमोनियाने हॉस्पिटलमध्ये. जयंती रात्रंदिवस तिच्या उशाशी, मी ऑफिस करून जायचो, कुणीतरी ऑफिस करायला हवं होतं. त्याच आठवड्यात माझं एक चित्र आलं होतं, लिलावात घेतलेलं, वर्षभर ज्याच्या मागे होतो ते. मी ते नुसतं जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याकडे न्यायचं म्हणून. बाई रस्त्याने चाललीय. वर चेरीचा बहर, कंदील, जत्रेचा दिवस. अंगावर थरावर थर कपडे, डोक्यात एवढ्या लांब सुया, चहूबाजूंनी, किरणांसारख्या. आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन लहान पोरी, एकसारख्या कपड्यांतल्या. जयंती अंघोळीला घरी आली होती हॉस्पिटलातून. आली, टेबलाशी उभी राहिली, आणि तिला काय दिसलं? देवी दिसली. मागे प्रभावळ, जवळ लेकरं. आणि कोपऱ्यात लाल शिक्का असतो ना, छापणाऱ्याचा — तो बघून म्हणाली, आधी कुणीतरी कुंकू लावलंय हिला. कुणीतरी आधी पूजा केलीय. ऐकलंस? छापखान्याच्या शिक्क्याला कुंकू समजली बाई. आणि करंडा उघडून बोटाने, ओलं करून, थेट कागदावर लावलं. तुतीच्या सालीचा कागद, पाण्याचा थेंब पडला तरी जन्मभराचा डाग. मी संध्याकाळी आलो तर चित्राच्या कपाळावर हा एवढा टिळा, आणि हॉलभर तांदूळ.

मी हात उगारला नाही. मी तसला माणूस नाही. मी गाडी काढली, हॉस्पिटलमध्ये गेलो, आणि कॉरिडॉरमध्ये तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, तुझी देवी कोण आहे ते. म्हटलं, घरंदाज जपानी बाईच्या पट्ट्याची गाठ पाठीवर असते, हिची पुढे आहे. का पुढे असेल, तूच विचार कर. कोठीवरची आहे ती. महागातली, सणाच्या दिवशी मिरवत गिऱ्हाइकाकडे चाललीय, आणि शहर बघायला जमलंय. आणि त्या पोरी तिच्या नाहीत. विकत घेतलेल्या आहेत, याच धंद्यात वाढवायला. ज्यांना त्यांच्या आयांनी विकलं त्या पोरींसमोर तू तुझ्या पोरीसाठी हात जोडलेस. — असं का बघतेस? खरं तेच सांगितलं. आत रुचाला ऑक्सिजन लावला होता, म्हणून काय खोटं सांगायचं? कला ही कला असते, तिला वेळ-काळ नसतो. तर जयंती काय म्हणाली असेल? रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. रडली नाही. म्हणाली, 'पोरी तिच्याजवळच उभ्या आहेत ना? मग झालं.' एवढं बोलून आत गेली आणि बोटाला राहिलेलं कुंकू रुचाच्या कपाळाला पुसलं.

रुचा बरी झाली, अर्थात. अँटिबायोटिकने. पण ते जयंतीला कोण सांगणार. तेव्हापासून दर श्रावणात तिचा डोळा त्या चित्रावर, मी कुलपात ठेवायचो तर ड्रॉवरला बाहेरून नमस्कार करायची. आणि मला एक किस्सा मिळाला, तो मात्र खरा. मंडळाच्या पिकनिकला, मंडळातल्याच नंदकुमारकडच्या पॉटलकला, ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीला — आमच्या घरी कोण पुजलं जातं माहितीये का, म्हणून सुरुवात करायचो, आणि लाल शिक्क्यापर्यंत आलो की लोकांची हसून मुरकुंडी वळायची. जयंती पोळ्या वाढत असायची, तिचा चेहरा एवढासा व्हायचा, त्याने तर आणखी मजा यायची. सांगण्याची एक हातोटी असते. गाठ पुढे आहे हे शेवटी सांगायचं, आधी सांगितलं की पडतं.

रुचाच्या लग्नातही सांगितला. हो, का नाही? वधूचा बाप बोलणारच ना रिसेप्शनला. इंग्लिशमध्ये सांगितला, जयदीपकडच्या, म्हणजे जावयाकडच्या, सगळ्यांना कळावा म्हणून. म्हटलं, आज ही इथे उभी आहे ती डॉक्टरांमुळे नाही, तिच्या आईने तिच्यासाठी एका कॉल गर्लला नवस केला होता. हॉल हसला. सगळा हॉल. म्हणजे नंदकुमार हसला, त्याला माहीतच होता, आणि मागे एका टेबलावर काही पोरं हसली. रुचाने माइक माझ्या हातातून घेतला, मला वाटलं ती पुढचं सांगणार. तिने बंद करून ठेवून दिला. आणि जयंती उठून एकेका टेबलावर जाऊन लोकांना विचारत होती, जेवण व्यवस्थित झालं ना, गोड घेतलंत ना. तशीच हसत. पंधरवड्यात ब्रॅम्पटनला गेली, रुचाला नवीन घर लावून देते म्हणून. अजून लावतेय. जाताना मिक्सर नेला, कुकर नेला, शेगडीवरचा तवा नेला. करंडा तेवढा विसरली. विसरली असेल, मुद्दाम कोण ठेवेल.

तू तिची बाजू घेऊ नकोस. चेहऱ्यावरून कळतं मला. तुला वाटतंय, म्हाताऱ्याला पस्तावा होतोय, जरा गोड बोललं की चित्र देईल. मला कसलाही पस्तावा नाही. किस्सा चांगलाच आहे. तुला नाही का हसू आलं? जरासुद्धा? शिक्क्याच्या वेळी? — मग विनोदबुद्धी नाही तुला, त्याला मी काय करू. आणि तिकडे जाऊन तिखटमीठ लावून सांगितलंस, तर मी रुचाला फोन करून सांगू शकतो की भाडेकरू बदल म्हणून. ती उचलत नाही ही गोष्ट वेगळी. कधीतरी चुकून उचलेल.

थांब, तुला दाखवतोच. डोळ्यांनी बघ आणि तिला जाऊन सांग, तुमची जिवती धंदेवाली आहे, मी स्वतः बघितली. — नाही, ड्रॉवरमध्ये नाहीये हल्ली. आत स्टडीत उभं करून ठेवलंय, हवा लागावी म्हणून. कागदाला हवा लागते. बस तू, उठू नकोस, मी आणतो.

हां. लांबून बघ. हात पाठीमागे ठेव, म्युझियममध्ये ठेवतात तसे. ही गाठ. बघितलीस? पुढे. या सुया, याला प्रभावळ म्हणणारी बाई ती. हा कोपऱ्यातला शिक्का. आणि हा कपाळावरचा, हा जयंतीचा पराक्रम, तपकिरी पडलाय आता, पण जन्मात जाणार नाही. एकच टिपका आणि चित्राची वाट. बाकी बघ कसं आहे, कपड्यांचा निळा बघ, सकाळपासून मी —

काय? दोन? दोन कसे असतील. एकच आहे, मला माहीत नाही का. कुठे? धाकटीच्या? या लहान पोरीच्या कपाळावर? तो शिक्काच असेल. शिक्का कोपऱ्यात असतो, ते कबूल, पण कधी कधी दुसराही मारतात, गोदामवाला मारतो, तुला काय कळतं त्यातलं — हात नको लावूस. अक्षता, हात नको म्हटलं ना.

दाखव बोट.

दमट हवा आहे आज. हवेत पाणी असलं की जुना रंग सुटतो, असं होतं, पुस्तकात आहे. आणि त्या करंड्याचं झाकण सैल झालंय, ओट्यावर असतो, खिडकी उघडी राहिली की उडतं कुंकू, कुठेही जाऊन बसतं. हसू नकोस. हसत नाहीयेस? मग डोळे पूस आधी, कागदावर पाणी पडेल. नंदकुमारने सांगितलं मला, बस, आता झालं समाधान? त्याच्या बायकोला जयंतीचा फोन येतो. दोन नळ्या आहेत नाकात म्हणाला, आणि काल डोळा उघडला होता, उजवा. उघडला ना? तू बघितलंस का स्वतः? फोटो असेल तुझ्याकडे — नको. नको काढूस. ठेव तो फोन आत.

आणि चित्र मी देणार नाही. ऐकलंस? हे माझं आहे. तिला सांग, विकलं. असंच सांगायचं, उल्हासने विकलं, आणि विकताना हसला म्हणावं. वाईट वाटेल तिला, वाटू दे. तिला काय कमी आहे? लेक जवळ आहे, लेकीची लेक जवळ आहे, रोज हॉस्पिटलात जाऊन त्या पेटीच्या काचेला हात लावता येतो तिला. तिला कागद कशाला हवा? ज्याला काचेजवळ कुणी येऊ देत नाही त्याने काय करायचं, तांदूळ टाकायचे? तेही कुठे टाकायचे, ब्रॅम्पटन कुठल्या दिशेला येतं इथून, मला तर तेही धड —

बाजूला हो, ठेवून येतो. बघून घे हवं तर शेवटचं. उभ्या आहेत ना दोघी, तिच्याजवळच? झालं तर मग.

बेसिन उजव्या हाताला आहे. साबण लाव, नखातलंसुद्धा काढ, तिकडे लाल बोट घेऊन गेलीस तर ती पहिलं तेच बघेल. आणि एकही फुटाणा खाल्ला नाहीस तू. राहू दे. वाकू नकोस, पाया पडायची काही गरज नाही. दार बाहेरून ओढून घे, लॅच आपोआप लागतं.